घरच्या घरी माचा: डबा निवडण्यापासून फेस येईपर्यंत, इंदूरच्या स्वयंपाकघरातून

माचा म्हणजे जपानची बारीक हिरवी चहापावडर, पाण्यात घुसळून प्यायची. माचा घरी केला तर कडू लागला, गुठळ्या राहिल्या, फेसच आला नाही, कॅफेत तर किती छान लागला होता, ही वाक्यं हल्ली इंदूरात ओळखीच्या प्रत्येक घरात ऐकू येतात. आणि दर वेळी विचारलं की कसा केलात, तर उत्तर एकच, चहाच्या भांड्यात पाणी उकळलं, पावडर टाकली, अजून एक उकळी आणली. तिथेच सगळं बिघडतं. आपल्या चहाला उकळी लागते, आलं ठेचून घालायचं, दूध घालून परत उकळायचं, ते बरोबरच आहे त्या चहासाठी. माचा मात्र उकळायचाच नसतो. त्याला तीनच गोष्टी लागतात, ताजी पावडर, उकळीच्या बरंच खाली असलेलं पाणी आणि नीट घुसळणं. भांडी आपल्या घरातलीच चालतात, जपानी सेट नसला तरी काही अडत नाही, पण पावडर आणि पाणी यात तडजोड केली की मग कुठलाच महागडा ब्रश तुम्हाला वाचवत नाही.

आधी डबा बघू, कारण पैसे तिथेच जातात.

माचा म्हणजे ग्रीन टी दळून केलेली पावडर असं समजून खूप लोक घेतात. झाड तेच, आपल्या आसाम-दार्जिलिंगच्या चहाचंच, पण वाढवायची पद्धत फार वेगळी आहे. तोडणीच्या आधी साधारण तीन-चार आठवडे त्या झाडांवर सावली धरतात, ऊन बरंचसं अडवतात. ऊन कमी मिळालं की पान हिरवेपणा वाढवतं, क्लोरोफिल वाढतं, आणि एल-थियानिन नावाचा जो घटक आहे, ज्याच्यामुळे ती गोडसर, भरलेली चव येते, तो पानात टिकून राहतो, नाहीतर उन्हात त्याचं रूपांतर तुरट घटकांत होत जातं. मग पानं तोडून लगेच वाफवतात, न वळता वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात, आणि उरलेला पानाचा मऊ भाग ग्रॅनाइटच्या जात्यावर दळतात. हे जातं हळू फिरवावं लागतं, जोरात फिरवलं तर दगड तापतो आणि वास जातो, म्हणून एका जात्यातून तासाला जेमतेम ३०-४० ग्रॅम निघतो. महाग का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. जपानात क्योतोजवळचं उजी, आइची प्रांतातलं निशिओ, फुकुओकातलं यामे आणि अलीकडे कागोशिमा, ही त्याची मुख्य ठिकाणं. २०२४ च्या शेवटाला तर मागणी इतकी वाढली की क्योतोच्या जुन्या पेढ्यांना एका गिऱ्हाइकाला किती डबे द्यायचे यावर मर्यादा घालावी लागली.

आणि सावलीचं हे सगळं आपल्याला का कळायला हवं? कारण नेहमीच्या चहात आपण पान गाळून टाकतो, माचात पान अख्खं पोटात जातं. पानात जे काही वाईट आहे ते गाळणीत राहत नाही, सगळं कपात येतं. म्हणून साधी ग्रीन टी मिक्सरमध्ये दळून माचा होत नाही, कृपया करून बघू नका, रवाळ होते, कडू होते आणि तळाशी गाळ बसतो.

डबा घेताना पहिलं काम म्हणजे मागची सामग्रीची यादी वाचायची. तिथे एकच गोष्ट लिहिलेली असायला हवी, माचा किंवा ग्रीन टी पावडर. पहिलं नाव साखर असेल तर ते माचाचं मिक्स आहे, त्यात साखर जास्त आणि माचा नावापुरता, आणि घरात कुणाला डायबिटीज असेल तर हे कळणं जास्तच महत्त्वाचं. दुसरं, नुसतं ग्रीन टी पावडर असं लिहिलेलं असेल तर पिकाचं ठिकाण लिहिलंय का, तोडणी किंवा दळल्याची तारीख आहे का ते बघा. सेरेमोनियल ग्रेड हा शब्द बघून भारावून जाऊ नका, त्याची कायद्यात कुठेही व्याख्या नाही, जपानातसुद्धा नाही, कुणीही छापू शकतं. त्यापेक्षा रंग बघा. चांगला माचा हिरवागार, उजळ असतो, पिवळट किंवा शेवाळी-खाकी झाला असेल तर जुना किंवा हलका. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळला तर टाल्कम पावडरसारखा रेशमी लागला पाहिजे, कण बोचले तर परत करा. वास ताज्या हिरव्या पानांचा आणि थोडा गोडसर, वाळलेल्या गवताचा किंवा माशाकडे झुकणारा वास आला की समजायचं हवा लागून गेलीये.

किराण्यासाठी आपल्या सियागंजात जे मिळत नाही ते कुठेच मिळत नाही असं आमच्याकडे म्हणतात आणि खरंय ते, पण माचा सुटा घ्यायची वस्तूच नाही. हवा, उजेड, उष्णता आणि ओल, या चारांनी तो बिघडतो, म्हणून सीलबंद टिनचा किंवा आतून चंदेरी अस्तर असलेल्या पाकिटातलाच घ्या, काचेच्या पारदर्शक बरणीतला तर अजिबात नको. आणि मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून १०० ग्रॅम उचलू नका. एका कपाला २ ग्रॅम लागतो, म्हणजे ३० ग्रॅमच्या डब्यात १५ कप. डब्याची किंमत भागिले १५ करा, तो तुमच्या एका कपाचा खरा भाव, आणि मग तो कॅफेतल्या कपाशी लावून बघा, बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. माझं मत विचाराल तर नुसत्या पाण्यात प्यायचा असेल तर परवडेल तेवढा चांगला घ्या, दुधात घालायचा असेल तर मधला घ्या, सगळ्यात वरचा दुधात घालणं म्हणजे पैसे वाया, आणि सगळ्यात खालचा, ज्यावर केक-बिस्किटांसाठी लिहिलेलं असतं, तो प्यायला घेऊच नका, तो भाजायलाच बरा.

आता पाणी. याच्यावर कुणी बोलत नाही आणि निम्मी चव इथे ठरते.

जपानातलं पाणी हलकं असतं, म्हणजे त्यात क्षार कमी. आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून ७० किलोमीटर पंपानं चढवून येतं, ते तसं ठीक आहे, पण ज्या कॉलन्यांमध्ये बोरिंगचं पाणी वापरतात तिथे केटलीच्या तळाला जो पांढरा थर जमतो ना, तोच थर तुमच्या माचाची चव मारतो. जड पाण्यात रंग मळकट होतो, वर पातळ तवंग येतो आणि फेस धरत नाही. घरात आरओ असेल तर त्याचं पाणी घ्या. नसेल तर नळाचं पाणी रात्रभर माठात किंवा भांड्यात झाकून ठेवून सकाळी वरचं-वरचं घेतलं तर क्लोरीनचा वास तरी जातो, क्षार काही जात नाहीत, पण फरक पडतो.

तापमान ७० ते ८० अंश. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, पण तेही माचाला फार झालं. उकळतं पाणी ओतलं की तुरट-कडू घटक एकदम बाहेर येतात, गोडवा त्याच्याखाली दबून जातो, रंगही फिका पडतो. थर्मामीटर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर सगळ्यात खात्रीचा उपाय हा, एकाच फुलपात्रानं मोजून तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग साधं, खोलीच्या तापमानाचं पाणी एकत्र करा. साधं पाणी २५ अंशाचं असेल तर मिश्रण बरोबर ८० च्या जवळ येतं, आणि थंड बाऊलमध्ये ओतलं की अजून दोन-चार अंश उतरतं. डिसेंबर-जानेवारीत साधं पाणी गार असतं तेव्हा ७८ होईल, मे मध्ये ८१-८२, दोन्ही चालतं. फक्त ते साधं पाणीही पिण्याचं, फिल्टरचंच घ्या, कारण नंतर ते उकळणार नाहीये. उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत गार करायची पद्धतही चांगली आहे, दर ओतण्याला आठ-दहा अंश उतरतं, दोनदा ओतलं की झालं, पण उन्हाळ्यात आमच्या भांड्यांनाच इतका ताप असतो की अंदाज चुकतो, म्हणून मी तीनास एक हेच सांगते सगळ्यांना.

भांड्यांचं फार लांबवत नाही. बांबूचा एक ब्रश मिळतो, चासेन म्हणतात त्याला, बांबूच्या एकाच तुकड्यातून चिरून चिरून ६० पासून १२० पर्यंत काड्या काढलेल्या असतात. जपानात नारा प्रांतातलं ताकायामा हे गाव पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतं. रोज पिणार असाल तर हा घ्याच, बारीक फेस त्याच्याइतका कशानं येत नाही. अजून पक्कं ठरलेलं नसेल तर बॅटरीवरचं कॉफी फेटायचं छोटं मशीन पुरतं. आणि आपली ताकाची छोटी रवी, हो, ती पण चालते, अरुंद उभ्या भांड्यात दोन तळव्यांत जोरात फिरवली की गुठळी राहत नाही, फेस जरा जाड येतो एवढंच. फक्त रवी नवीन आणि वेगळी ठेवलेली हवी, लाकडात ताकाचा वास मुरलेला असतो आणि माचा तो लगेच उचलतो. बर्तन बाजारात हातभर लांबीपासून वीतभर लांबीपर्यंत सगळ्या मिळतात, वीतभर घ्या. बाकी एक रुंद, खोलगट, चिनीमातीचा किंवा काचेचा बाऊल, सूपचा असतो तो. स्टीलच्या वाटीत चासेन फिरवू नका, काड्यांची टोकं झिजतात आणि जागाही पुरत नाही. आणि चहाची बारीक जाळीची गाळणी, एकदम कोरडी.

साधा कप, सगळ्याची सुरुवात

दूध-बर्फ-आंबा हे सगळं नंतर. आधी नुसत्या पाण्यातला माचा एकदा तरी करा, म्हणजे तुमच्या डब्यात काय आहे ते कळेल. जपानात याला उसुचा म्हणतात, पातळ माचा. घट्ट असतो तो कोइचा, त्यात पावडर दुप्पट आणि पाणी निम्मं, तो फार वरच्या दर्जाच्या पावडरचाच चांगला लागतो, सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका.

पाणी उकळायला ठेवलं की पहिल्यांदा बाऊलमध्ये थोडं गरम पाणी घालून त्यात चासेनच्या काड्या मिनिटभर बुडवून ठेवा. कोरड्या काड्या ठिसूळ असतात, भिजल्या की लवचिक होतात आणि तुटत नाहीत, शिवाय बाऊलही गरम होतो. नवीन चासेनच्या मधल्या काड्या आतून वळलेल्या असतात त्या पहिल्या भिजवण्यात उघडतात, खराब झाला असं वाटून घाबरू नका. मग ते पाणी फेका आणि बाऊल स्वच्छ फडक्यानं कोरडा पुसा. हे कोरडं पुसणं लोक विसरतात आणि मग पावडर बाऊलच्या ओल्या तळाला चिकटून बसते.

आता गाळणी बाऊलवर धरून त्यात २ ग्रॅम माचा घाला, चहाचा एक सपाट चमचा साधारण, शीग नको. चमच्याच्या पाठीनं हलकं दाबत चाळून घ्या. माचा इतका बारीक असतो की डब्यातच त्याचे छोटे-छोटे गोळे होतात, आणि एकदा पाणी पडलं की त्या गोळ्यांना बाहेरून ओलं कवच येतं आणि आत कोरडी पावडर तशीच राहते, मग कितीही घुसळा. चाळायला अर्धा मिनिट लागतो. हा टप्पा ज्यांनी सोडला त्यांच्याच कपात गुठळ्या असतात, दुसरं काही कारण नसतं.

दोन चमचे पाणी घाला, तेच ८० अंशाचं, आणि हळूहळू मळून सारखी, चकचकीत पेस्ट करा. घाई नको. पेस्ट झाली की बाकीचं पाणी, एकूण ७० मिली होईल इतकं, म्हणजे अर्ध्या वाटीपेक्षा थोडं जास्त. आता चासेन सरळ उभा धरा, टोकं तळापासून किंचित वर, आणि मनगटातून पुढे-मागे जोरात हलवा. गोल गोल नाही फिरवायचं, गोल फिरवलं की पाणी फक्त फिरतं, हवा आत जात नाही. झिगझॅग, इंग्रजी डब्ल्यू काढल्यागत, खांदा सैल आणि मनगट चालू. पंधरा-वीस सेकंदांत वर फेस जमतो. तो जमला की वेग कमी करा, टोकं पृष्ठभागापाशी आणून मोठे बुडबुडे हळूच फोडा, आणि मधोमध चासेन वर उचला. फेस बारीक आणि सारखा आला पाहिजे.

आणि लगेच प्या. माचा पाण्यात विरघळत नाही, तो फक्त तरंगत असतो, पाच मिनिटं ठेवला की तळाशी बसायला लागतो. आपण चहा करून ठेवतो आणि मग सगळ्यांना हाका मारतो, तसं इथे करू नका, आधी माणसं बसवा आणि मग पाणी ओता.

एक गोष्ट जपानी लोकांची मला फार पटते, ते माचाच्या बरोबर नाही तर माचाच्या आधी काहीतरी गोड खातात. जिभेवर गोडवा असताना वरून हा कप आला की कडूपणा बोचत नाही, उलट छान वाटतो, आणि कपात साखर घालायची गरजच पडत नाही. आपल्या घरात याला काय कमी आहे, एक नारळाची वडी, बेसनाचा अर्धा लाडू, संक्रांतीच्या दिवसांत तिळाची वडी. रविवारी पोहे-जिलबी झाल्यावर थोडा वेळ थांबून शेवटचा एक जिलबीचा तुकडा आणि मग माचा, हे मी ज्यांना ज्यांना दिलंय त्यांना आवडलंय, अगदी ज्यांना ग्रीन टी चालतच नाही त्या मावशींना पण.

दुधातला माचा

इथे २ ऐवजी अडीच-तीन ग्रॅम घ्या कारण दूध चव झाकतं. ते नुसतं झाकत नाही, दुधातली प्रथिनं तुरट घटकांना धरून ठेवतात म्हणून दुधात माचा इतका मवाळ लागतो. ४० मिली पाण्यात वरच्या पद्धतीनंच पेस्ट आणि फेस करून घ्या, आणि वेगळं १५० मिली दूध गरम करा. माचा थेट दुधात उकळायचा नाही, हे परत एकदा सांगते कारण हात सवयीनं तिकडेच जातो.

दूध कुठलं? टोन्ड, ३ टक्के फॅटचं पाकीट, सांची असो की अमूल, मला सगळ्यात योग्य वाटतं. ६ टक्क्यांचं फुल क्रीम किंवा म्हशीचं घट्ट दूध रबडीला छान, इथे ते माचाला पुरतं झाकून टाकतं आणि जिभेवर साय राहते. आपण दूध आधी तापवून ठेवतो ते ठीकच आहे, तेच गार झालेलं दूध साय काढून, गाळून घ्या आणि परत ६०-६५ अंशांपर्यंतच गरम करा. थर्मामीटर नसेल तर कडेला बारीक बुडबुडे दिसायच्या थोडं आधी बंद, भांड्याला बोट दोन सेकंद लावता यावं इतपत. मग रवी घ्या. खरं सांगू का, दुधाला फेस आणायला रवीइतकं चांगलं काही नाही, उंच स्टीलच्या भांड्यात अर्धा मिनिट घुसळलं की मऊ फेस येतो. कपात माचा, वरून दूध, शेवटी फेस चमच्यानं.

गोड हवं असेल तर खडीसाखर बारीक करून पेस्टमध्येच घाला. गूळ घालू नका, रंग तपकिरी होतो आणि गुळाची चव पुढे येते. आलं नको, चहा मसाला अजिबात नको. वेलची चिमूटभर चालेल पण मला विचाराल तर ती पण नको, एकदा मसाला आला की तुम्ही मसाला दूध पिताय, माचा नाही. सोयाचं किंवा ओट्सचं दूध वापरणाऱ्यांनी बिनसाखरेचं घ्यावं, ओट्सचं स्वतःच गोडसर असतं.

उन्हाळा आणि गार प्रकार

एप्रिल-मे मध्ये इंदूरच्या दुपारी गरम माचा कोण पिणार, तेव्हा गारच. आणि सुरुवात करणाऱ्यांसाठी गार प्रकार जास्त सोपे आहेत कारण गार पाण्यात कडूपणा कमी जाणवतो आणि तापमानाची काळजीच नाही. सगळ्यात सोपं म्हणजे घट्ट झाकणाची बाटली घ्या, चाळलेला २ ग्रॅम माचा, १०० मिली गार पाणी, चार बर्फाचे खडे, झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवा, गाळून ग्लासात. झालं. फक्त बंद बाटलीत गरम पाणी कधीच हलवू नका, आत वाफेचा दाब येतो, झाकण उडून चटका बसतो.

आइस्ड लाते करताना साखर गार दुधात विरघळत नाही म्हणून पाक करून ठेवा, समान साखर आणि पाणी, एक उकळी, गार करून फ्रिजमध्ये, आठवडा-दोन आठवडे टिकतो. ग्लासात तळाशी दोन चमचे पाक, मग बर्फ वरपर्यंत, मग गार दूध १५० मिली, आणि शेवटी ४० मिली पाण्यात घुसळलेला माचा बर्फावर हळूच सोडायचा. गोड दूध जड असल्यानं खाली राहतं आणि हिरवा थर वर दिसतो. फोटो काढायचा असेल तो काढा आणि मग ढवळा, न ढवळता प्यायलं तर आधी सगळं कडू आणि शेवटी सगळं गोड.

नारळपाण्यातला माचा तर माझा सगळ्यात आवडता. १५० मिली गार नारळपाणी, बर्फ, वरून तोच ४० मिलीचा माचा. साखर नाही, दूध नाही. नारळपाण्याचा खारट-गोड स्वाद आणि माचाचा हिरवा स्वाद इतके जुळतात की आधी विश्वास बसत नाही. शहाळं ताजं फोडलेलं घ्या, डब्यातल्या पाण्यात बरेचदा साखर असते.

आंब्याच्या दिवसांत तीन मोठे चमचे आमरस तळाशी, बदाम किंवा केशर कुठल्याही आंब्याचा, पण साधा, तूप-वेलची न घातलेला, त्यावर बर्फ, १०० मिली गार दूध, वर माचा. आंबा आंबट असेल तर दूध फाटू शकतं, म्हणून पूर्ण पिकलेलाच घ्या आणि करून ठेवू नका. लिंबू-सोड्यात पण छान लागतो, चमचाभर लिंबू पुरे, पण आंबटानं क्लोरोफिलचा रंग हळूहळू उतरतो, हिरव्याचा शेवाळी होतो, तो बिघडला म्हणून नाही, लिंबामुळे. पुदिना घालायचा तर पानं नुसती चुरगळून, वाटून नाही.

रंगपंचमीला गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, बघून आल्यावर घरी थंडाई होतेच, तर बदाम भिजवून सोलून खडीसाखरेबरोबर वाटायचे, ग्लासाला दहा-बारा, २०० मिली गार दुधात गाळायचे आणि त्यात माचा. मिरी, बडीशेप, केशर सगळं वगळायचं. पण त्या दिवशी हिरवी थंडाई समोर आली की लोक भांगच समजतात, म्हणून आल्या-गेल्याला, विशेषतः घरातल्या मोठ्यांना आणि पोराबाळांच्या आईबापांना, आधीच स्पष्ट सांगून ठेवा की यात भांग नाही.

किती आणि केव्हा

यात कॅफिन आहे, ग्रीन म्हटलं की लोकांना वाटतं नसेल. २ ग्रॅम माचात साधारण ६०-६५ मिलिग्रॅम, म्हणजे कडक चहाच्या कपाइतकं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२४ च्या आहारविषयक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे, आणि त्यात तुमचा सकाळचा, अकराचा आणि चारचा चहा आधीच मोजलेला असतो. म्हणून माचा चहाच्या जागी घ्या, वर नको. संध्याकाळी सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायच्या आधी वगैरे तर नकोच, ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी दुपारी तीननंतर टाळावा. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारून, आणि लहान मुलांना देऊ नये.

त्याच सूचनांत अजून एक महत्त्वाचं आहे, चहा-कॉफी जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास नको, कारण त्यातले टॅनिन अन्नातलं लोह शरीरात जाऊ देत नाहीत. आपल्या घराघरातल्या मुली-बायकांचं हिमोग्लोबिन बघता हे अगदी मनावर घ्या, पालक-मेथीच्या जेवणावर लगेच माचा म्हणजे ती भाजी खाल्ल्याचा फायदा कमी. रिकाम्या पोटी पण नको, मळमळतं. नाश्त्यानंतर तासाभरानं, ही सगळ्यात चांगली वेळ. रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्यांनी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं, अख्खं पान पोटात जात असल्यानं व्हिटॅमिन के बऱ्यापैकी जातं. आणि वजन उतरेल म्हणून पिणार असाल तर त्यासाठी पिऊ नका, चव आवडली तर प्या.

ठेवायचं कसं

डबा उघडला की महिना-दीड महिन्यात संपवा. घट्ट बंद करून फ्रिजमध्ये, पण लसूण-हिंगापासून लांब, एका डब्यात दुसरा डबा असा ठेवला तर उत्तम, वास फार पटकन धरतो. फ्रिजमधून काढल्या-काढल्या उघडू नका. गार डब्यात पावसाळ्याची दमट हवा शिरली की आत पाणी धरतं आणि पावडरीचे गोळे होतात, तेव्हा आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा. चमचा कोरडाच. चासेन साबणानं कधीच धुवायचा नाही, कोमट पाण्यात घुसळून धुवायचा आणि काड्या खाली ठेवून नाही, उभा किंवा स्टँडवर, पंख्याखाली पूर्ण वाळवायचा. जुलै-ऑगस्टमध्ये ओला चासेन प्लास्टिकच्या डबीत बंद करून ठेवला तर त्याला बुरशी येते, आणि बुरशी आलेला धुवून वापरायचा नसतो, टाकायचा. काड्या तुटायला लागल्या तरी बदला, तुटलेला तुकडा कपात जाऊ शकतो.

तरीही कप कडू आला तर आधी पाणी तपासा, मग पावडरीचं वय. फेस येत नसेल तर पावडर कमी पडतेय, किंवा बाऊल अरुंद आहे, किंवा बोरिंगचं पाणी आहे. आणि डबा जुना होऊन रंग उतरलाच, तर तो टाकू नका, पाण्यात प्यायला तो गेला पण नानकटाईत पाव किलो मैद्याला दोन चमचे किंवा कुल्फीच्या आटवलेल्या दुधात गॅस बंद केल्यावर चाळून घातला तर अजून चांगला लागतो, साखर आणि तूप त्याचा कडूपणा सांभाळून घेतात.